पूजेतली किल्ली

"माई, आत पानी नको," देवराम म्हणाला आणि भांडाराच्या दारात आडवा उभा राहिला.

खंडेनवमीची सकाळ होती. माझ्यामागे केशरबाई बादली, खराटा आणि नळाचा पाइप घेऊन थांबली होती. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला हा रंगरसायनांचा लहानसा कारखाना माझ्या यजमानांनी उभा केला. ते गेल्यापासून माझा मुलगा संदेश तो पाहतो. मी नौपाड्याहून वर्षातून एकदाच, या पूजेला येते, आणि त्या दिवशी तिथे माझा शब्द शेवटचा असतो. ज्या जागेची पूजा करायची तिच्यावरून आधी पाणी फिरले पाहिजे, हा आमच्या घरचा दंडक. सत्तावीस वर्षे एकच खोली त्यातून सुटत आली होती, ती जस्ताच्या भुकटीची. कारण तिच्या दारात देवराम होता.

ती भुकटी राखेपेक्षा किंचित गडद आणि पिठासारखी मऊ. तिला पाणी लागले की ती आतल्या आत तापते, तिच्यातून पेट घेणारा वायू सुटतो, आणि एकदा पेटली की पाण्याने विझत तर नाहीच, उलट भडकते. हे मला आज पाठ आहे. तेव्हाही ठाऊक होते. देवराम दरवर्षी सांगत असे. दुसऱ्याने सांगितलेले ऐकण्याची सवय मात्र मला नव्हती.

तो भोपर गावचा. भांडारात शिरण्यापूर्वी हात पंच्याला कोरडे पुसायचा. पावसाळ्यात छत्री आणि चपला बाहेर ठेवायचा आणि दुसऱ्यालाही ठेवायला लावायचा. भुकटी काढायला लाकडी पळा, तोंडाला मास्क, आणि प्रत्येक ड्रमचे झाकण कडी लावून घट्ट. आग लागलीच तर टाकायला कोरडी वाळू हवी म्हणून मे महिन्यात ताडपत्रीवर वाळू पसरून तो ती उन्हात वाळवत बसे. कामगार विचारत, "काय देवराम, यंदा पापड किती घातले?" तो म्हणे, "तुमच्यासाठीच घातलेत, लागू नयेत म्हंजे झाला." भुकटीने त्याच्या भुवया कायम करड्या दिसत. तो तिशीत असतानाही नवे लोक त्याला काका म्हणत.

यंदा मला ऐंशीवे लागले होते. एका भांडारपालाने साऱ्या कामगारांदेखत मला उंबऱ्यावर अडवावे, हे या वेळी मला फार खुपले. मी वाद घातला नाही. हार कमी पडत आहेत, असे म्हणाले. कल्याणच्या फूलबाजारातून झेंडू आणि शेवंती तूच निवडून आण, बाकीच्यांना पारख नाही, असेही म्हणाले. त्याला त्याचा आनंद झाला. तो मला दिसला, आणि तरीही मी त्याला पाठवले.

तो रिक्षात बसल्यावर मी भांडार उघडवले. केशरबाई घुटमळली, "देवरामभाऊ रागावतील," असे काहीसे पुटपुटली. मी तिच्याकडे नुसते पाहिले. तिने फरशी धुतली, भिंतीचा खालचा भाग धुतला. एक ड्रम अर्धा वापरलेला होता. ज्याच्यावर घर चालते त्याला झाकणावरून हळदकुंकू वाहायचे नसते, म्हणून मी त्याचे झाकण काढवले, भुकटीवर हळदकुंकू, अक्षता वाहिल्या आणि आंब्याच्या पानाने कलशातले पाणी शिंपडले. शेजारच्या कोपऱ्यात पाइप मारताना आणखी पाणी आत उडाले. ते मी पाहिले. एवढ्याशा पाण्याने काय होते, असे मनात आले. झाकण बसवून कडी लावली, दाराला कुलूप घातले आणि किल्ली पूजेत, पाने-पकडींच्या ओळीत ठेवून तिला कुंकवाचे बोट लावले. खंडेनवमीला पूजेत मांडलेल्या हत्याराला दसऱ्याच्या दुपारची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते.

देवराम दोन करंड्या फुले घेऊन परतला. भांडाराच्या उंबऱ्याखालून पाण्याचा ओघळ बाहेर आला होता. त्याने करंड्या जमिनीवर ठेवल्या आणि केशरबाईला हळूच काही विचारले. मग तो पूजेपाशी आला.

"माई, किल्ली द्या. झाकन उघडा ठेवायला लागंल, नायतर आत गॅस धरंल."

"पूजेतली वस्तू उद्या उचलायची. तुला हे सांगावं लागतं?"

"मी सायबांना इचारतो."

"विचार. साहेबांना मीच जन्म दिलाय."

कामगार हसले. देवरामही कसनुसे हसला आणि त्याने संदेशकडे पाहिले. संदेशने मोबाइलवरून डोळे वर केले. "आई म्हणते तसं कर ना, यार. एका दिवसाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला.

देवराम पुष्कळ वेळ त्या किल्लीकडे पाहत उभा राहिला. हात पुढे केला असता तर ती वीतभर अंतरावर होती. कुलूप फोडायचे म्हटले तर हातोडेही पूजेतच होते. पण हत्यारांचे नव्हे, त्याने माझे भय धरले. त्याने आणलेल्या फुलांचे हार झाले आणि आरतीला तो टाळ्या वाजवत उभा होता.

दसऱ्याला कारखाना बंद असतो. पूजा उचलायला तेवढे आम्ही चार-सहा जण जातो. देवरामला कोणी बोलावले नव्हते. पहारेकऱ्याने सांगितले की तो उजाडताच आला आणि वाळूच्या बादल्या दारापाशी ओळीने लावून बसला आहे. पूजा आटोपल्यावर दुपारी एकच्या सुमाराला मी किल्ली उचलून त्याच्या हातात दिली. त्याने ती आधी कपाळाला लावली.

त्याने आम्हाला फाटकापर्यंत मागे पाठवले. दिव्याच्या बटणाला हात लावू नका, म्हणाला. दार उघडले, दोन्ही खिडक्या उघडल्या, बराच वेळ बाहेर थांबला. मग आत जाऊन त्याने ड्रमच्या अंगाला तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला. तो वाळूसाठी वळला तेवढ्यात कडी तुटली, झाकण छताला जाऊन आदळले आणि पांढरट हिरव्या ज्वाळेने खोली भरली. तो पेटलेला बाहेर आला. आमच्यातले दोघे त्याच्या मायेने पाइप घेऊन धावले, आणि तो स्वतः जळत असताना त्यांना हातांनी मागे लोटत राहिला. "पानी नको, आत पानी नको," एवढेच म्हणत राहिला. दोघांनाही ओरखडासुद्धा आला नाही.

देवराम आठव्या दिवशी इस्पितळात वारला.

चौकशीला अधिकारी आले. संदेशने त्यांना सांगितले की अर्धा ड्रम भांडारपालाने नीट बंद केला नसावा. छतही थोडे गळते. ते लिहून घेऊ लागले तेव्हा मी बोलले. भांडार मी धुवायला लावले, झाकण मी उघडले, किल्ली मागितली असता मी नाकारली, असे एकेक वाक्य स्पष्ट उच्चारून सांगितले. आयुष्यात माझे बोलणे कोणी अर्ध्यावर सोडले नव्हते. अधिकाऱ्यांनी लेखणीला टोपण घातले, पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आजी, तुम्हाला धक्का बसलाय. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

गाडीत मी संदेशला जाब विचारला.

"तुझं डोकं हल्ली जागेवर नसतं, असं मी त्यांना आधीच सांगितलेलं," तो म्हणाला. "आई, प्लीज. तुला या वयात कोर्टात उभं करू का मी?"

मी दोनदा अर्ज लिहून पाठवला. पहिल्याचे उत्तर आले नाही. दुसरा संदेशकडे परत आला. अहवालात भांडारपालाचा निष्काळजीपणा, असे शब्द पडले ते कायमचे पडले.

त्यानंतर मी भोपरला गेले. एकटी, रिक्षाने. देवरामच्या बायकोने, कांताने, मला पाहताच आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली आणि मधोमध ठेवली. मी बसले. अहवालाची प्रत तिच्याकडे आली होती. शेजारच्या मुलीने ती वाचून दाखवली होती.

"त्यात लिवलंय, झाकन त्यानी उघडा ठेवला," ती म्हणाली. "घरात मिठाची बरनी उघडी ऱ्हायली तरी माज्यावर खेकसायचा तो."

"ते खोटं आहे, कांता. मी पाणी मारायला लावलं. किल्ली मी दिली नाही."

"मना ठाव हाय. त्या राती जेवलापन नाय. बोलला, माईंचा शबूद कसा मोडू."

"मग तू पुढे येऊन सांग. तुझं ऐकतील."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते.

"तुमचा कोनी लिवला नाय, माई," ती म्हणाली. "माजा कोन लिवंल?"

खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. पलीकडे खाट होती, तिच्यावर ती बसू शकली असती. पण ती दाराला टेकून, पदर सावरून, माझ्यापुढे उभीच राहिली, मालकिणीपुढे राहावे तशी. जन्मभर माणसांना ऊठ आणि बस सांगत आले मी. त्या घरात मला तिला 'बस' म्हणवेना.