कपाटातले चौदा गॉगल

स्टोअरमधला एक खिळा इकडचा तिकडे झाला तरी बाईंना कळतं, असं कारखान्यात सगळे म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू? लोखंडी फाटकं आणि जाळ्या बनवायचा आमचा कारखाना. कामाला चौदा माणसं, आणि स्टोअरच्या खिडकीमागे मी, किल्ल्या कमरेला. मालकांना पाना हवा असला तरी तेही खिडकीशी येऊन मागायचे, आणि कशाला हवाय हे विचारल्याशिवाय मी द्यायची नाही.

सात वर्षांपूर्वी सरकारी कचेरीतून मालकांना एक छापील यादी आली. सुरक्षिततेचे प्रश्न होते. फिरत्या पट्ट्यांना जाळी आहे का, आग विझवायचा सिलिंडर भरलेला आहे का, कामगारांच्या डोळ्यांना संरक्षण आहे का. मालकांनी यादी माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच बघा, बाई." मी बघितलं. चौदा गॉगल मागवले, कपाटात ठेवले आणि 'हो' वर खूण केली.

तेव्हापासून दरवर्षी तपासनीस साहेब यायचे त्या सकाळी मी गॉगल वाटायची, रजिस्टरात सह्या घ्यायची. साहेबांची गाडी बाहेर पडली की एकेक परत घेऊन माझ्या निळ्या वहीत खूण करायची, मऊ फडक्यानं काच पुसायची, डबीत घालायची आणि कपाटाला कुलूप. माणसं गंमत करायची, "साहेब गेले, डोळे जमा करा." मीही हसायची. एका काचेवर ओरखडा नाही, याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू.

ग्राइंडरवर माझा धाकटा भाऊ होता. आईचं शेंडेफळ, म्हणून चाळिशी आली तरी सगळे त्याला शेंड्याच म्हणतात. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा. त्याला मी वाढवला, शाळेत मी घातला, आणि ह्या कारखान्यातही मीच लावला.

त्या दिवशी सकाळी तो खिडकीशी आला. "ताई, एक गॉगल दे ना. जुनं गंजकं फाटक आलंय दुरुस्तीला, फार उडतंय."

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे," मी म्हटलं. "ओरखडा पडला म्हणजे साहेबांना काय दाखवू, तुझं तोंड?"

"दिवसभरासाठी दे गं."

"डोळे बारीक कर आणि कर काम. इतकी वर्षं काय करत होतास?"

तो हसला. "तुझ्या कपाटापुढे कुणाचं चालणार," म्हणाला आणि गेला. माझं बोलणं त्यानं कधी मनाला लावून घेतलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती तेव्हा ग्राइंडर एकाएकी बंद झाला. मी धावले तर शेंड्या जमिनीवर बसलेला, दोन्ही हात तोंडावर. ओरडला नाही. "ताई, काहीतरी गेलंय गं डोळ्यात," एवढंच म्हणाला. उजव्या डोळ्यात लोखंडाचा कण आत खोल गेला होता. डॉक्टरांनी चार दिवस प्रयत्न केले आणि पाचव्या दिवशी डोळा काढला.

मालक दवाखान्यात आले तेव्हा मी दाराशी उभी होते. शेंड्या त्यांना म्हणाला, "गॉगल मिळाला होता, मीच घातला नाही." मालकांनी मान हलवली. मला त्याच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण मी दाराशीच राहिले. माझी नोकरी जाऊ नये म्हणून तो खोटं बोलत होता, आणि मी ऐकून घेतलं. आजही त्याची मला लाज वाटते.

मालक काही दुष्ट माणूस नाही. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "बाई, उद्या साहेब येतील. फक्त रजिस्टर दाखवा. त्यात त्याची सही आहेच."

रात्रभर भावजय माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिला काही ठाऊक नव्हतं, ती नुसती थकली होती. पण मला वाटत राहिलं की तिला सगळं कळलंय. शेंड्याच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' लिहिलं गेलं की त्याला पुन्हा कुठल्या कारखान्यात कोण उभं करणार? एक डोळा आधीच गेला, आता त्याचं नावही मी घालवू?

त्या सकाळी मी गॉगल वाटलेच नव्हते. साहेबांनी रजिस्टर पाहिलं, मग कपाट उघडायला सांगितलं. एक गॉगल खिडकीच्या उजेडात धरून इकडून तिकडून बघितला. दुसरा बघितला. "सात वर्षं वापरतात हे?"

मालक माझ्याकडे बघत होते. मी पिशवीतून निळी वही काढून साहेबांपुढे ठेवली. "वापरत नाहीत," मी म्हटलं. "मी वापरू देत नाही. तुम्ही गेलात की परत घेते. माझ्या भावानं त्या सकाळी मागितला होता, आणि मी दिला नाही. तो सांगतोय ते खोटं आहे."

साहेब बराच वेळ लिहीत होते. माझी सही घेतली, मालकांची घेतली. ते गेल्यावर मी तेरा गॉगल तेरा जणांना दिले. कुणी गंमत केली नाही. कमरेची किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, "कुलूप मात्र काढा."

अडीच महिन्यांनी शेंड्या कामावर आला. आता तो रंगाआधीचा गंज खरवडतो. उरलेला डोळा जपायला सांगितलंय. पहिल्या सकाळी खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, माझा गॉगल." मी रजिस्टर पुढे केलं. त्यानं पेन टेकवलं ते कागदाच्या वरच, हवेत. अंदाज चुकतो त्याचा. दुसऱ्यांदा टेकलं. लहानपणी अक्षरं गिरवताना धरायची तसा त्याचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही.

संध्याकाळी त्यानं सवयीनं गॉगल काढून खिडकीत ठेवला. "घे, कर जमा."

"घरी ने," मी म्हटलं. "तुझाच आहे."

नुसता पुसून द्यावा म्हणून मी फडकं घेतलं. उजवी काच नवीकोरी होती. डाव्या काचेवर मधोमध एक ओरखडा होता, नखाएवढा. मी परत परत पुसत राहिले. शेंड्या म्हणाला, "राहू दे ताई, तो जायचा नाही."