चार टक्के ऑक्सिजन

देवळा गावाबाहेरच्या कांद्याच्या गोदामात मेकॅनिक मुस्तकीमने सोमवारी दुपारी नायट्रोजनच्या मशीनचं मेंब्रेन बदललं. मेंब्रेन म्हणजे नळकांड्यात भरलेले पॉलिमरचे हजारो पोकळ धागे. त्यांतलं कोबाल्ट हवेतला ऑक्सिजन पकडून धाग्याबाहेर सोडतं. उरलेला नायट्रोजन बंद खोलीत जातो आणि कांद्याला कोंब फुटत नाहीत. जुन्या धाग्यांतलं कोबाल्ट दमट हवेने दीड महिन्यापूर्वीच निकामी झालं होतं. खोलीतला ऑक्सिजन सतरा टक्क्यांखाली उतरत नव्हता.

त्या दीड महिन्यात कांदे निवडणारी कुसाबाई रोज सकाळी खोलीत जात असे. सडका कांदा ती वासावर शोधायची. एक राहिला तर शेजारचे दहा जातात.

“मावशी, दारावरची पाटी वाच. आत जायचं नाही.”

“वाचता आलं असतं तर हितं कांदे हुंगत बसले असते का? तुझ्या मशीनला नाक हाय का, सांग.”

मुस्तकीम हसायचा. सतरा टक्क्यांत तिला काही होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो दाराला कुलूपही लावत नव्हता.

सोमवारी संध्याकाळी त्याने मालकाला, रंगनाथशेठना, फोन करून काम झाल्याचं कळवलं. कुसाबाई तेव्हा घरी गेली होती. कुलूप ऑफिसातल्या खिळ्यावरच राहिलं. पहाटेपर्यंत मीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा चारवर आला.

मंगळवारी सव्वाआठला कुसाबाईच्या सुनेची, वैष्णवीची, किंकाळी आली. मुस्तकीम धावला. वैष्णवीने दार उघडलं होतं. आत दहा पावलांवर सासू पालथी पडली होती, घमेलं बाजूला. वैष्णवी आत शिरणार तोच त्याने तिला मागून धरलं.

“सोड! सासू हाय माझी!”

“आत हवा नाय, वैनी. तूबी पडशील.”

“काल तर व्हती!”

त्याने पकड घट्ट केली आणि हमालांना हाक मारली.

हमालांनी पलीकडचं शटर उचललं, मोठा पंखा लावला. मीटरचा आकडा वर चढायला चार मिनिटं लागली. वैष्णवीने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. त्याने पकड सोडली नाही. मग तो स्वतः आत गेला आणि कुसाबाईला उचलून बाहेर घेऊन आला. ती गेली होती.

दुपारी पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने विचारलं, “मशीन बिघडलं होतं?”

“बिघडलं होतं, साहेब. काल मी दुरुस्त केलं.”

हवालदाराने लिहिणं थांबवून पुन्हा विचारलं. मुस्तकीमने पुन्हा तेच सांगितलं, आणि कुलूप कुठे होतं तेही.