वरची फळी

सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि त्या सांभाळायच्या तो बंधारा जावयाच्या गळ्यात पडला. जावई शिंपी. नदीशी त्याचा आजवरचा संबंध एवढाच, की तिच्या काठाने दुकानात जायचं.

बंधारा तसा साधा होता. दगडी खांब, खांबांमधले गाळे, आणि प्रत्येक गाळ्यात एकावर एक रचलेल्या आडव्या फळ्या. अशा फळ्यांच्या दोन ओळी, एकीमागे एक. मधल्या फटीत पाणी झिरपू नये म्हणून ठासलेली चिकणमाती. फळ्यांच्या माथ्यापर्यंत नदी अडायची, जास्तीचं पाणी माथ्यावरून पलीकडे पडायचं.

त्या दिवशी डोंगराकडे पाऊस झाला आणि पाणी चढू लागलं. काठालाच मेहुणीचं माशांच्या पिल्लांचं तळं होतं. पाणी तळ्याच्या बांधावरून गेलं असतं, तर तिची सगळी पिल्लं नदीत!

दवाखान्यातून सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, मधल्या गाळ्यातली वरची फळी काढा. मला एक्स-रेला नेतायत." फोन बंद.

या घरात ‘वरचा’ म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाचा, हे त्याला लग्नानंतर पक्कं कळलं होतं. वरचा पूल, वरचा घाट, वरच्या आळीतले चहाडखोर. त्याने पाणी येतं त्या बाजूच्या ओळीतली माथ्याची फळी आकड्याने उचलून काढली.

पाणी चढतच राहिलं.

"भाऊजी, वीतभरच राहिलंय!" मेहुणी बांधावरून ओरडली.

"काढली की फळी!"

"मग पाण्याला कळवायचं राहिलं वाटतं!"

त्याने त्याच ओळीतली आणखी एक काढली. आता मधली माती विरघळून मागच्या फटींतून गढूळ धारा फुटल्या. पाणी मात्र ढिम्म उतरेना. खाली वाकून त्याने नीट पाहिलं. पाणी मागच्या ओळीच्या माथ्यावरून जात होतं, आणि तो माथा होता तिथेच होता.

"अस्तर!" तो ओरडला.

"भाऊजी, दुकान नंतर!"

"अगं, कापड आखूड केलं आणि अस्तर तसंच ठेवलं, तर झगा आखूड होईल का? आईंची ‘वरची’ म्हणजे माथ्याची, मागचीही काढायला हवी. ये, धर!"

दोघांनी मागच्या ओळीची माथ्याची फळी उपसली. पाण्याचा जाड पडदा धाडकन पलीकडे कोसळला. पुढच्या ओळीतली चुकून काढलेली दुसरी फळी त्यांनी वर उभं राहून दाबून बसवली, फटीत मातीची पोती कोंबली. बांधापाशी पाणी थबकलं, मग बोटभर उतरलं.

संध्याकाळी नदी ओसरली. त्याने दवाखान्यात फोन लावला.

"आई, वरची फळी परत बसवू ना?"

मेहुणीने सगळी हकीकत आधीच पोचवली होती.

"कुठली वरची?" सासूबाईंनी सावधपणे विचारलं.