पड टाकलेलं शेत

घरातल्या थोरल्या सुनेने खरं उत्तर दिलं, तिथेच ती चुकली. पाहणीला आलेल्या कारकुनाने विचारलं, "वरच्या शेतात काय पिकलं?" ती म्हणाली, "काही नाही. यंदा पड टाकलंय."

दर तिसऱ्या वर्षी त्या शेतात नांगर घालायचा नाही, ही तिच्या सासऱ्याची शिस्त. माती दमते, हे त्याला कुठल्या ग्रंथाने शिकवलं नव्हतं. कारकुनाने इंग्रजी तक्त्यात फॅलो लिहायच्या जागी बॅरन लिहिलं. चार महिन्यांनी नोटीस आली: जमीन नापीक, सबब खडी फोडण्याच्या कारखान्यासाठी ताब्यात घेण्यात येईल.

धाकटी जाऊ शाळेत इंग्रजी शिकवायची. दोघी कचेरीत गेल्या.

"साहेब, फॅलो म्हणजे मुद्दाम विसाव्याला ठेवलेली जमीन. बॅरन म्हणजे जिच्यात काही उगवतच नाही ती," जाऊ म्हणाली.

"दोन्हीकडे पीक शून्यच ना, बाई? मग कशाला कीस पाडता?"

"जेवण झालं की तुम्ही या टेबलावर डोकं टेकता, भाऊ," थोरली म्हणाली. "म्हणून तुम्ही गेलात असं समजून आम्ही रडायला बसतो का?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं. कारकुनाचे कान तांबडे झाले. त्याने शब्दकोश उघडला नाही. ज्याच्या हाती शिक्का, त्याला शब्दकोश लागत नाही. त्याने नियम काढला. "दुरुस्ती होईल. पण महिनाअखेर मी येईन, तेव्हा शेतात पीक उभं दिसलं पाहिजे."

"म्हणजे माणूस झोपलाय हे पटवायला त्याला उठवायचं?" थोरली म्हणाली.

"नियम आहे, मावशी."

वाटेत जाऊ म्हणाली, "जाऊबाई, वर अर्ज करू. शब्द आपल्या बाजूचा आहे."

"शब्द तुझ्या बाजूचा गं. महिना त्याच्या बाजूचा."

दुसऱ्या दिवशी थोरलीने नांगर धरला. दमल्या मातीत बी उगवलं, पण विरळ, पिवळट. कारकून आला, बांधावरूनच मान उंचावून त्याने पाहिलं आणि जुना शब्द खोडून लिहिलं: लागवडीखाली.

"सुटलं तुमचं शेत! उगाच रागावलात माझ्यावर."

"पुन्हा पड टाकलं तर?"

"टाकूच नका. कशाला नसती भानगड?"

तो गेल्यावर थोरलीने मूठभर माती दाबून पाहिली. गोळा धरेना, भुकटी बोटांतून गळाली.

"उद्यापासून शेणखत वाहायचं," ती म्हणाली.

"आणि तिसऱ्या वर्षी?" जाऊने विचारलं.

"बांधालगत चार ओळी पेरू. मधलं झोपू दे. तो कारकून काही बांधावरून आत उतरत नाही."