आ वासलेली गल्ली

भर दुपारी शंभरेक माणसं गल्लीतल्या एका झाडाखाली तोंड उघडून उभी होती. दातांचे डॉक्टर, निवृत्त हेडमास्तर, शिंपीणबाई, सगळे माना मागे टाकून आ वासलेले. वरून बारीक गोड थेंब पडत होते आणि आभाळात ढगाचा पत्ता नव्हता.

"अमृत आहे हे," महाराज सांगत होते. गेल्या वर्षापर्यंत हेच महाराज गाद्या विकायचे. "साखरेच्या आजाराला साखरच मारते. गोळ्या फेका, सुया फेका. मुंग्यांना मात्र हात लावू नका, त्या अमृताच्या राखणदार आहेत." खोडावर मुंग्यांची रांग चढत होती. लोकांनी तिलाही हात जोडले.

मी बागांवर औषध फवारते, वीस वर्षं. पानं चिकट आणि खोडावर मुंग्या दिसल्या की वर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड आहे, हे मला झोपेतही कळतं. मला हसूच आलं असतं, पण त्या गर्दीत माझा दादा होता. त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती आणि इन्सुलिन त्याने बारा दिवसांपूर्वी कचऱ्यात टाकलं होतं. वहिनी रोज त्याला अमृताची वाटी पाजत होती. मी समजावायला गेले, तर म्हणाला, तुला मेलीला सगळीकडे कीडच दिसते.

मग मी शिडी लावून त्याच झाडाची फांदी कापली, दादाच्या जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीत उभी केली आणि खाली काच ठेवली. तासाभरात काचेवर थेंब जमले. वहिनी हात जोडायला लागली, तेव्हा मी दादाच्या हातात भिंग दिलं. पानामागे हिरवा मावा खचाखच बसला होता. सोंड खुपसून रस ओढत होता आणि एकेकाच्या बुडातून थेंब गळत होता.

दादाने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे मी काय प्यालो?"

"त्यांची घाण, दादा. साखरेच्या पाण्यासारखी."

त्याच संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. उशीर झाला होता. पाऊल कापावं लागलं.

इकडे मी खोडाला ग्रीसचा पट्टा बांधून माव्याची राखण करणाऱ्या मुंग्यांची वाट अडवली आणि लांबच्या, कधीच न फवारलेल्या कुंपणावरून डबाभर ढालकिडे आणून सोडले. लाल, ठिपक्यांचे. ते मावाच खातात. नवव्या दिवशी अमृत बंद पडलं. कुणा पाप्याची नजर लागली, असं सांगून महाराज दुसऱ्या गल्लीत गेले. निम्मी गर्दी त्यांच्या मागे गेली.

एक गोष्ट उरली होती, ती मी दादाच्या खाटेशी बसून सांगितली. महिन्याभरापूर्वी त्या गल्लीत मीच फवारलं होतं. किडे दिसतात म्हणून लोकांनी बोलावलं, मीही बघितलं नाही कोणते. ते ढालकिडे होते, तेच मेले. शेंड्यापर्यंत माझा फवारा पोचला नाही, तिथला मावा वाचला. खाणारं कुणी उरलं नाही, तसा तो झाडभर माजला.

दादाने चादरीखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "महाराजांनी नुसतं नाव दिलं," तो म्हणाला. "माल तुझा होता."

म्हणून तुम्हाला सांगते. झाडावरून थेंब पडला तर तोंड उघडू नका आणि फवारणीचा पंपही उचलू नका. आधी पान उलटून बघा.