जरीफच्या छपराचे वासे

वसंतात बर्फ वितळलं की याख्सू नदी काठ खात घरांपर्यंत येते. तिला अडवायला आम्ही सिपोये उभे करतो. तीन लांब वासे शेंड्याला बांधायचे, पाय नदीत रोवायचे, मध्ये दगड भरायचे. पाणी त्यावर आपटून मधल्या धारेकडे वळतं.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या जरीफने तीन सिपोये मोडून वासे नेले. मुलाचं लग्न होतं, सुनेसाठी खोली बांधायची होती. वसंतात पाणी त्याच खिंडारातून आलं. माझी बायको, गुलंदाम, गाय सोडायला गोठ्यात गेली होती. गाय पोहून आली.

यंदा पाणी चढायच्या आधी खिंडार बुजवायचं म्हणून मुखियाने सगळ्या गावाला कामाला बोलावलं. ज्याने त्याने घरचं लाकूड आणायचं. जरीफ वाळुंजाच्या काठ्या घेऊन आला.

"ह्या काय दात कोरायला आणल्यास?" मी विचारलं.

"होत्या त्या आणल्या, नियाज अका. लांब लाकूड गावात आता कुणाकडे आहे?"

"आहे की. तुझ्या सुनेच्या डोक्यावर."

कोणी हसलं नाही. मुखिया म्हणाला, "अका, आज नको. काम होऊ दे."

"वाशांशिवाय होतं का काम? गेल्या वर्षी झालं?"

"सून गरोदर आहे," जरीफ म्हणाला. "छप्पर काढून तिला ठेवू कुठे?"

"माझ्याकडे ठेव. घर रिकामंच आहे."

तो मान खाली घालून गेला. दुपारी बाप-लेक छपराचे वासे ओढत काठावर आले.

ज्याचं लाकूड त्याने पाण्यात उतरायचं आणि त्याच्या कमरेचा दोर शेजाऱ्याने धरायचा, अशी आमची रीत. शेजारी मीच.

"दुसरं कोणी धरेल," मुखिया हळूच म्हणाला.

"का?" मी दोर मनगटाला गुंडाळला.

जरीफ माझ्याकडे बघत राहिला. "धरशील ना, अका?"

"उतर."

शेवटच्या सिपोयापाशी त्याचा पाय सुटला आणि तो पाण्याखाली गेला. दोराने माझे तळवे सोलले. मी ओढला त्याला. गाळ ओकत तो काहीतरी बोलायला लागला.

"तोंड बंद ठेव. सिपोयाचा तिसरा पाय अजून टेकला नाही. उतर परत."

तो परत उतरला. खिंडार बुजलं.

संध्याकाळी त्याची सून गाठोडं घेऊन माझ्या दारात आली. मी तिला गुलंदामची खोली उघडून दिली. मागोमाग जरीफ तिची गादी घेऊन आला. गादी मी घेतली.

"तू नाही," म्हणालो, आणि दार लावलं.