जनरल हॅलोवेल यांच्या घोड्याची शेपटी

मी एक जुना लढाईचा घोडा आहे. मित्रांनो, जवळ यायचे असेल तर समोरून या आणि दोन्ही हात दिसतील असे ठेवा. मागून येणाऱ्यावर माझा विश्वास नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म ओहायोतल्या एका शेतावर झाला. स्वतःच्या सावलीला बुजणारे शिंगरू म्हणून मला कुणी विकत घेईना. पुढे अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत युद्ध पेटले, तेव्हा जनरल हॅलोवेल यांनी मलाच निवडले.

"साहेब, हा भित्रा आहे," कॅप्टन ब्रिग्ज हसून म्हणाला.

"भित्रा नाही, संशयी आहे. मला तसाच हवा," जनरल म्हणाले.

जनरल आधी नकाशा पाहत, मग टेहळ्यांचे ऐकत आणि शेवटी माझे कान पाहत. हेझल ओढ्यावर धुके दाटले होते. ब्रिग्ज पलीकडे फिरून आला. "रान मोकळं आहे साहेब, काढा फौज," तो म्हणाला. माझे कान मात्र डावीकडच्या मक्याकडे लागले होते. तिथून परक्या घोड्यांचा वास येत होता. जनरलांनी फौज थांबवली आणि तोफा मक्याकडे वळवल्या. मक्यातून शत्रूची अख्खी पलटण उठली. दुपारपर्यंत लढाई आमची झाली.

वर्तमानपत्रांनी जनरलांच्या दूरदृष्टीवर रकाने भरले. माझेही चित्र छापले. त्यात माझी शेपटी खुरांपर्यंत पोचत होती. खरीही तेवढीच होती.

युद्ध संपले. काही वर्षांनी जनरल वारले आणि त्यांच्या पत्नी कॉर्डेलियाबाईंनी मला पलटणीच्या हवाली केले. पलटणीच्या जुन्या सैनिकांनी माझा दाणागोटा आणि तबेला सांभाळला. हेझल ओढ्याच्या दर विजयदिनी ते मला मिरवणुकीत पुढे चालवत आणि आठवण म्हणून शेपटीचे केस उपटून नेत. प्रेमानेच नेत, पण दुखायचे. हळूहळू मागे नुसता बुडखा उरला.

मग एका विजयदिनी सगळे माझ्या तबेल्यात जमले असता ब्रिग्जने भिंतीवर लावलेल्या त्या वर्तमानपत्रातल्या चित्राकडे बोट दाखवले. "चित्रातली शेपटी बघा आणि याची बघा. खरा घोडा कधीच मेला असणार. बाईंनी कुठलं तरी गाडीचं घोडं आपल्या गळ्यात मारलंय. द्या पाठवून सरसाच्या कारखान्यात, हाडं उकळायला."

त्या कारखान्यात गेलेला घोडा परत येत नाही, हे मला ठाऊक होते. जमलेल्यांच्या माना मात्र डोलू लागल्या.

कॉर्डेलियाबाई शांतपणे उठल्या. "कॅप्टन, तुमच्या घड्याळाची साखळी छान आहे हो. कशाची?"

"जनरलांच्या घोड्याच्या केसांची. गावाला माहीत आहे," ब्रिग्ज ऐटीत म्हणाला.

"केस मिळाले कुठून?"

"मी स्वतः उपटलेत. दर विजयदिनी थोडे थोडे, इथंच."

"याच घोड्याचे?"

ब्रिग्जने साखळी मुठीत झाकली.

"घोडा गाडीचा असेल, तर साखळीही गाडीच्याच घोड्याची," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनीही आपापले खिसे बघावेत."

बरेच हात खिशांकडे गेले. कुणी केसांची अंगठी, कुणी पुडी चाचपली.

"लूथर, खाली बस बाबा," एक म्हातारा शिपाई ब्रिग्जला म्हणाला. "घोडा खराच आहे."

असा मी वाचलो. माझे कान पाहायचे कुणालाच सुचले नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या जनावरावर माया असेल तर त्याला मूठभर दाणा द्या, मानेवरून हात फिरवा. त्याच्या अंगावरचे काही घरी नेऊ नका. ब्रिग्ज आता दर रविवारी सफरचंद घेऊन येतो, समोरून. मी सफरचंद खातो. कान मात्र त्याच्या दुसऱ्या हाताकडे लागलेले असतात.